रॅम्पखालचा नाला

एक नगर होतं, फरीदाबाद त्याचं नाव. तिथं फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले शहाजी राहत होते, त्यांची बायको प्रभावती, लेक इंद्रजित आणि सून सोनम. घर स्वतःचं, बैठं, भिंती भक्कम. पण पावसाळा आला की गल्लीतलं पाणी फाटकातून सरळ आत यायचं आणि बोलावल्या पाहुण्यासारखं पलंगाच्या पायांशी बसून राहायचं. यंदा सोनमनं सांगूनच टाकलं होतं, "आई, एकदा जरी पाणी आत आलं ना, तर आम्ही दिल्लीत, द्वारकेला चाललो. फ्लॅट बघून ठेवलाय." इंद्रजितनं मान डोलावली, म्हणजे ठरलंच होतं.

बरं, नाला साफ होत नव्हता असंही नाही. पावसाच्या तोंडावर दर वर्षी माणसं यायची, गाळ उपसायची, फाटकाशी ढीग घालून वाळत ठेवायची, आणि गाडी येऊन तो उचलायच्या आत पाऊस येऊन तोच गाळ त्याच नाल्यात परत घालायचा. प्रभावती म्हणायची, पापडसुद्धा माणूस वाळले की उचलतं.

त्यात घरापुढचा तुकडा तर कधी उघडतच नव्हता. गाडी आत घ्यायला म्हणून इंद्रजितनं नाल्यावर सिमेंटचा रॅम्प घातलेला, गाडीच्या रुंदीपुरताच.

"माताजी, रैंप तुड़वाना पड़ेगा," यंदा आलेल्या माणसांचा मुकादम हरिदास प्रभावतीला म्हणाला.

"रैंप नहीं टूटेगा भैया, नीचे से निकालो," इंद्रजितनं आतूनच सांगितलं.

मग त्यांनी बांबूच्या लांब कामट्या एकीला एक बांधत रॅम्पखाली सारायला घेतल्या, आणि पलीकडच्या तोंडाशी एक माणूस हात पुढं करून बसला. त्याच्या हाताला काही लागेना. आणखी बांधल्या, त्याही गेल्या. एवढ्याशा रॅम्पखाली अख्खी गल्ली पार होईल इतकी लांबी गेली.

"अटक नहीं रहा, सीधा जा रहा है," हरिदास म्हणाला आणि त्यानं ढकलणं थांबवलं.

कामटी थांबली नाही. त्याच्या मुठीतून ती हळूहळू, कुणी धागा ओढून घ्यावा तशी आत जात राहिली, शेवटचं टोक दिसेनासं होईपर्यंत.

"ढलान होगी," उतारावर खापर फोडत हरिदास तळव्याकडे बघत पुटपुटला. त्या माणसांनी फावडी उचलली आणि ती गेली. ढीग अर्थात फाटकाशीच ठेवून.

प्रभावतीचं डोकं सणकलं. गुडघ्यांवर हात टेकून ती वाकली आणि रॅम्पखालच्या अंधाराला म्हणाली, "कामट्या काय ओढतोस मेल्या? ओढायचंच असेल तर पाणी ओढ."

"कुणाशी बोलतेस गं?" शहाजींनी पायरीवरून विचारलं.

"ऐकेल त्याच्याशी. बाकी कुणी ऐकतंय का माझं?"

पाऊस आला तो झोडपतच. पलीकडच्या सेक्टरात गाड्या बुडाल्या, लोक गच्चीवर जाऊन बसले. या गल्लीत मात्र पाणी चढाकडूनही उताराकडूनही फाटकाच्या दिशेनं यायचं, वळायचं, रॅम्पखाली शिरायचं; पलीकडच्या तोंडातून थेंब बाहेर पडेना. गाळाचा ढीगही तसाच आत गेला. घराची फरशी भर पावसात कोरडी ठणठणीत.

पाऊस ओसरल्यावर इंद्रजित गरम जिलेबी घेऊन आला. सोनम म्हणाली, "आई, द्वारकेचं राहू दे आता. इथंच बिल्कुल ठीक आहे." शहाजींनी शेजाऱ्यांना हाका मारून कोरडी फरशी दाखवली. इतकी वर्षं मागितलेलं सुख असं एका दुपारी ओसरीवर येऊन बसलं.

प्रभावतीनं चहा बशीत ओतला. तो मध्ये राहिला नाही. फाटकाकडच्या काठाशी सगळा जमून उभा राहिला, काठावरून पुढं वाकल्यासारखा. तिनं बशी फिरवली. तो पुन्हा फाटकाकडेच गेला.

तिनं तो एका घोटात पिऊन टाकला.

"आई, अजून अर्धा देऊ?" सोनम विचारत होती.

"नको," प्रभावती म्हणाली, आणि रिकामी बशी तिनं जमिनीवर पालथी घालून वर हात ठेवला.