नैऋत्य कोपऱ्यापासून चाळीस पावलं

परभणीच्या कृषी विद्यापीठात मी चार वर्षं काढली. त्यात एकाच विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, आणि त्याच विषयानं माझं आजोळ बुडवलं. विषयाचं नाव कृषी सांख्यिकी.

आमच्या वर्गातली निम्मी पोरं शेती सोडता यावी म्हणून शेतीचं शिकायला आली होती. विचित्र वाटेल, पण तसंच होतं. शेवटच्या वर्षी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर दुसरा विषयच नसायचा. कुणी स्पर्धा परीक्षा देणार, कुणी बँकेत कृषी अधिकारी होणार, कुणी बियाण्याच्या कंपनीची मोटारसायकल घेऊन गावोगाव हिंडणार. काहीच जमलं नाही तर तालुक्याला खताचं दुकान होतंच. 'मी घरी जाऊन शेती करणार' असं चार वर्षांत एकट्या सिदूनं म्हटलं, आणि आम्ही सगळे त्याला हसलो. मीही हसले. मला कृषी सहायकाची नोकरी लागली, तीही बीड तालुक्यात, नेकनूरच्या बाजूला. आईला वाटलं पोरगी कलेक्टर झाली.

माझ्या हद्दीतच माझं आजोळ होतं, जांबखडी. वडील बीडला शिपाई, त्यामुळे शेत म्हणजे काय ते मी मामाच्याच रानात पाहिलं. मामाचं नाव निवृत्ती. बौद्धवाड्यातला हा माणूस, दोन एकर रान, चौथी शिकलेला, पण माझ्या शिक्षणाची त्याला माझ्यापेक्षा जास्त मिजास. मी जांबखडीहून परत निघाले की तो फाट्यापर्यंत यायचा, बस थांबली की आधी कंडक्टरला गाठायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "आमची भाची हाय. शेतीची सायबीन हाय. जागा द्या बसायला." सगळी बस माझ्याकडं बघायची. मी लाजायचे, रागवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

गावात पाझर तलावातून पाणी उचलायची सहकारी संस्था होती. साठ-एक सभासद, चेअरमन आबासाहेब. त्यांची जमीन तलावाला लागून, मामाची पाइपलाइनच्या शेपटाला. नियमानं पाण्याची पाळी सगळ्यांना सारखी. पण पाणी शेपटाला पोचायच्या वेळेला वीज जायची, आणि वीज गेली की पाळी झाली असं धरायचे. कुणी वाईट बोलायचं नाही, कुणी अडवायचं नाही. फक्त पाणी यायचं नाही. मामा पंधरा वर्षं सभासद होता, आणि पंधरा वर्षांत त्याचं रान पुरतं भिजलं असं एकदाही झालं नव्हतं.

२००३ साली पावसानं जुलैतच पाठ फिरवली. बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच करपायला लागली. तलावात दोन-तीन पाळ्यांपुरतं पाणी उरलं. लोकांचा सगळा भरवसा पीकविम्यावर होता. विमा आला तर यंदा ऊसतोडीला जायचं नाही, पोरांची शाळा मोडायची नाही, असं घराघरात ठरलं होतं. विमा भरायचे सगळे, पण तो ठरतो कसा हे जांबखडीत कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते सांगायचं काम ज्या बाईचं होतं, ती मी.

पद्धत सोपी आहे. महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांतल्या मिळून, दहा शेतांचे गट नंबर चिठ्ठीसारखे निघतात. त्या प्रत्येक शेतात दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकडा आखायचा. तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. दहा तुकड्यांची सरासरी म्हणजे सगळ्या मंडळाचं पीक. सरासरी ठरल्या आकड्याच्या खाली गेली तर सगळ्यांना विमा, वर राहिली तर कुणालाच नाही. तुकडा शेतात कुठं आखायचा तेही आकड्यांनी आधीच ठरलेलं असतं. सर शिकवायचे, की माणसाच्या मर्जीला जागाच ठेवायची नाही, म्हणजे लबाडी होत नाही. मला ते फार पटलं होतं. जगात निदान एक गोष्ट तरी अशी आहे की जिथं आबासाहेब काय आणि निवृत्ती काय, सगळे सारखे, असं वाटायचं.

ऑगस्टमध्ये यादी आली. दहा गटांत एक गट मामाचा.

मी त्याच दिवशी जांबखडीला गेले. गेले आणि काय सांगितलं? विम्याचं काही नाही. सरासरीचं काही नाही. मी सांगितलं, की महिन्यानं मी तुमच्या रानात येणार आहे, संगं जीप असेल, मोठे साहेब असतील, आणि तुमची बाजरी मीच मोजणार आहे. चहा पिताना पुन्हा एकदा सांगितलं, जीपमध्ये मी पुढं बसते म्हणून. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. चार वर्षांचं शिक्षण, आणि वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं काय, तर जीप.

पुढं काय झालं ते मला छबुबाई मामीनं नंतर, कापणीच्या दिवशी सांगितलं. मामा दुसऱ्या दिवशी आबासाहेबांकडं गेला. पाणी मागायला नाही, नुसतं कानावर घालायला, की असं असं भाची येणार आहे आणि रान तर करपलंय. आबासाहेबांनी संस्थेची बैठक बोलावली. भाची एकट्या निवृत्तीची नाही, गावाची आहे, असं ते म्हणाले. आपल्या लेकरानं साहेबाला आणावं आणि आपण तिला करपलेलं रान दाखवावं, तिची मान खाली जाईल आणि आपलीही. मग तलावातल्या उरल्या पाण्याच्या पाळ्या सगळ्यांनी सोडल्या. कुणी नाही म्हटलं नाही. वीज रात्री-बेरात्री यायची, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्हवर एकेक माणूस बसला, वाटेत पाणी फुटू नये म्हणून. संस्थेचाच एक सभासद सुग्रीव, त्याची स्वतःची बाजरी वाळून गेली होती, तरी तो तीन दिवस मामाच्या बांधावर फावडं घेऊन उभा होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाणी शेपटाला आलं. दोन एकराला ते पुरणारं नव्हतं, म्हणून रस्त्याकडचा अर्धा एकर निवडला. साहेब रस्त्यानंच येणार ना.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही गेलो. जीपमध्ये मी, आमचे पर्यवेक्षक सुंदरराव, विमा कंपनीचा एक माणूस आणि ग्रामसेवक. वाटेत नऊ कोस नुसता धुरळा. वळण घेतलं आणि मामाचं रान दिसलं. करड्या माळावर हिरवा-पिवळा चौकोन, वीतभर लांब भरलेली कणसं, आणि बांधावर सगळं गाव. हार, नारळ, आबासाहेब पांढऱ्या टोपीत. मामानं नवा सदरा घातला होता.

बाकीच्या नऊ शेतांचे पीककापणीचे प्रयोग मीच केले होते. कुठं अर्धा किलो, कुठं पाऊण. ठरलेला आकडा तुकड्यामागं दीड किलोचा होता. समोरच्या पिकात दहा किलो तरी निघणार हे मला जीपमधूनच कळलं. बेरीज करून दहानं भागायला कागद कशाला लागतो?

एकच आशा होती. भिजलेला फक्त अर्धा एकर होता, पुढचं दीड एकर वाळून कोळ झालं होतं. मी तुकड्याच्या जागेचं बंद पाकीट फोडलं. आकडे होते लांबीला चाळीस, रुंदीला अकरा. शेताच्या नैऋत्य, म्हणजे इथं रस्त्याकडच्या, कोपऱ्यात उभं राहायचं आणि तिथून पावलं मोजायची. मी नजरेनं अंदाज घेतला. साध्या चालीनं चाळीस पावलं टाकली तर तुकडा हिरव्यात पडत होता, अगदी कडेला. पण ढांगा टाकत गेलं तर हिरवं मागं राहत होतं.

मी आयुष्यात कधी कॉपी केली नाही. त्या दिवशी मी ढांगा टाकल्या. एक, दोन, तीन. साडी पायात अडकत होती. सुंदरराव बांधावर नारळ सोलणाऱ्यांशी बोलत होते, विम्याचा माणूस फोटो काढत होता. त्यांचं लक्ष नव्हतं. पंधरा झाली, अठरा झाली. मला वाटलं, सुटलं गाव.

मामा माझ्या मागून चालत होता. तो थांबला आणि माझ्या घरच्या नावानं हाक मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सुके, पावलं लई मोठी पडायलीत तुजी. अशानं पिकाच्या भाईर जाशील. नीट मोज."

मी वळून त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. त्याला वाटलं ऊन लागलं, त्यानं डोक्यावरचं उपरणं काढून मला दिलं. आबासाहेबही म्हणाले, की पोरगी घाबरली आहे, तिला सावकाश मोजू द्या. एवढं होईतो सुंदरराव आणि विम्याचा माणूस दोघंही जवळ आले होते. सुंदरराव म्हणाले, "पुन्हा सुरू करा, मॅडम. कोपऱ्यापासून."

मी कोपऱ्यापासून पुन्हा मोजलं. चाळीस पावलं, साधी. खुंट्या ठोकल्या, सुतळी ओढली. बायांनी तुकडा कापला, मळला, पाखडला. काट्यावर दहा किलो दोनशे ग्रॅम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाच्या गळ्यात हार घातला, मग माझ्या. त्याच सुतळीच्या पलीकडं पाच पावलांवर वाळलेली बाजरी वाऱ्यानं वाजत होती.

सुंदरराव वाईट माणूस नव्हता. परत येताना नेकनूर आल्यावर म्हणाले, की हे मंडळ विम्यातून गेलं. मी विचारलं, फक्त अर्धा एकर भिजवलेला होता, गावानं पाणी गोळा करून दिलं होतं, असं लिहिता येणार नाही का? ते म्हणाले, शेऱ्याच्या रकान्यात लिहा, हरकत नाही, पण शेऱ्यानं आकडा बदलत नाही. मी एक पानभर शेरा लिहिला. रकाना दोन ओळींचा होता, म्हणून वेगळं पान जोडलं. ते पान कुठं गेलं मला माहीत नाही.

दसऱ्यानंतर मी जांबखडीला गेले. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येऊन उभा होता, पण लोक अजून चढत नव्हते. विमा येणार असेल तर कशाला जायचं, म्हणून माझीच वाट बघत होते. संस्थेच्या ऑफिसात सगळे जमले. मामा दाराशी उभा होता. पंधरा वर्षं तो तिथंच उभा राहायचा, पण त्या दिवशी आबासाहेबांनी त्याला आत सतरंजीवर बसायला बोलावलं.

तरी मी सांगितलं. दहा शेतं, दहा तुकडे, सरासरी, सगळं. ऑगस्टमध्ये जे सांगायला हवं होतं ते ऑक्टोबरात सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे, असंही सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सुग्रीव म्हणाला, त्याच्या रानात तर मूठभर दाणा झाला नाही, मग त्याचं पीक आलं असं कागदावर कावून? मी पुन्हा सरासरी समजावली. तो मान हलवत राहिला. ती मान समजल्याची नव्हती.

मग आबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मंजी पोरी, आमी निवृत्तीला पाणी दिलं, ते चुकलं म्हनतीस?"

बी.एस्सी. ॲग्री, फर्स्ट क्लास, सांख्यिकीत वर्गात पहिली. हो म्हणावं तर पंधरा वर्षांत गावानं केलेली एक चांगली गोष्ट मीच चूक ठरवत होते. नाही म्हणावं तर बाहेर ट्रक उभा होता. मामा सतरंजीवरून उठला आणि परत दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी उठ म्हटलं नव्हतं.

त्याच दुपारी ट्रक भरायला लागला. भांडी, कोयते, शेळ्या, पोरं. मामी गाठोडं बांधत होती. मामा मला सोडायला फाट्यापर्यंत आला. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "तवा तू पावलं मुद्दाम मोठी टाकायलतीस व्हय?"

मी हो म्हटलं.

त्यानं माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. फाट्यावर आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. लांबून बस दिसली तसं मी म्हटलं, मामा, तुमी जावा आता, ट्रक निघंल. तो हलला नाही. बस थांबली. मामानं पिशवी वर दिली, दांडी धरून एक पाय पायरीवर ठेवला आणि कंडक्टरला म्हणाला, "आमची भाची हाय. शेतीची सायबीन हाय. जागा द्या बसायला." पण इतक्या हळू, की कंडक्टरला ते ऐकूच गेलं नाही, आणि मी बीडपर्यंत उभीच राहिले.