मीटरच्या बादलीतला खंडोबा

पंचनाम्यात लिहिलं गेलं ते असं:

निळी प्लास्टिकची बादली, एक. बादलीत गळ्यापर्यंत पाणी, रंग पिवळसर. पाण्यात मीटरची दांडी. दांडीच्या बुडाशी पितळी टाक, त्यावर घोड्यावर बसलेला देव. देव एक.

पण हे शेवटी लिहिलं गेलं. त्याआधी बादली रोज रिकामी व्हायची.

रिकामी

रोज सकाळी कारखान्यात झाडलोटीला असलेली विमलबाई ती पालथी करायची. आतून हात फिरवायची, बुळबुळीत लागलं तर राखेनं घासायची आणि विकतच्या जारचं पाणी ओतून पुन्हा काठोकाठ भरायची.

सावरखेड्याच्या सहकारी साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला, सांडपाण्याचं गटार जिथून बाहेर पडतं तिथं, पत्र्याची एक खोली होती. खोलीत मीटर. गटारातलं पाणी किती घाण आहे ते कळावं म्हणून प्रदूषण मंडळानं ते बसवायला लावलं होतं. दांडीला जे कळेल ते तिथल्या तिथं मुंबईला कळायचं. म्हणजे दांडी असायला हवी होती गटारात. ती होती बादलीत. मुंबईला रोज कळायचं, की सावरखेड्याच्या गटारातून जारचं पाणी वाहतं.

कारखान्यात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. सुपरवायझर रामहरी म्हणायचा, मीटर नाजूक असतं, घाण पाण्यानं बिघडतं. विमलबाईनं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, म्हणजे कारखान्यानं देव पाण्यात घातलाय म्हणा की. रामहरीलाही हसू आवरलं नव्हतं. घरात कुणी अंथरूण धरलं, पोरगं परमुलखात अडकलं, की बाया देव्हाऱ्यातला देव उचलून तांब्यात बुडवतात आणि मागणं पुरं झाल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. गुदमरला की ऐकतो. कारखान्याचं मागणं एकच होतं, वरून कुणी तपासायला येऊ नये. देव पावत होता.

आणि विमलबाईचा मीटरवर विश्वास होता. हसण्यासारखं आहे, पण होता. मंडळानं अगोदर धुराड्याला मीटर बसवायला लावलं तेव्हा गावानं टिंगल केली होती, आता धुराचं बी वजन करणार म्हणून. मग नोटिसांवर नोटिसा आल्या, चेअरमन मोहनरावांनी तणतण केली, आणि शेवटी राख धरायचं यंत्र आलं. त्या गळितापासून दोरीवरचं धुणं काळं होईना. ज्वारीच्या कणसांवर काजळी बसेना. मीटर बोलतं आणि कुणीतरी ते ऐकतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

फक्त धुराडं बादलीत बुडवता येत नाही.

भरलेली

दोन सालं पाऊस नव्हता. कपिलधारला जाऊन आलेले सांगत, कड्यावरून पाण्याची रेघ नाही, भाविक कोरड्या दगडालाच हात लावून परत फिरतात. गावातले बोअर धुरळा ओकत होते. पाणी राहिलं होतं एका विहिरीला, नाल्याकाठच्या. कारण उघड होतं. गटार नाल्यात आणि नाला विहिरीत झिरपत होता. कारखान्याच्या मळीनं तांबडं, आंबूस वासाचं, घागर आपटली की फेस धरणारं पाणी. पण तहसीलच्या कागदावर ओळ एवढीच, की विहिरीला पाणी आहे. सबब टँकर नाही.

विकत जार घेणाऱ्यांची घरं वेगळी होती. बाकीचे फडक्यानं गाळत, उकळत, तुरटी फिरवत. रंग थोडा उतरायचा. वास कशानंच जायचा नाही.

विमलबाईची नात, वैजू, दोन वर्षांची. महिना झाला, पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. बाप सुग्रीव तिकडं कर्नाटकात ऊस तोडत होता. नवराबायकोची कोयत्याची जोडी मोडून आई जानकी पोरीसाठी मागं राहिली होती. गेवराईच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि वर बजावलं, औषध नंतर, आधी हिला चांगलं पाणी पाजा. जानकीनं मान डोलावली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिनं सासूकडं पाहिलं.

बादलीतलं कालचं पाणी ऑफिसच्या हवेच्या कूलरमध्ये ओतायचं, असा रिवाज होता. ते घरी न्यावं का, असं विमलबाईनं एकदा विचारून पाहिलं. रामहरी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मावशे, एकाला दिलं की उद्या गेटवर गाव उभं राहील, मग मी काय सांगू? तेव्हापासून ती जेवणाचा डबा मोकळा करायची, जारमधून त्यात पाणी घ्यायची, झाकण घट्ट लावायची आणि वर भाकरीचं फडकं बांधायची. गेटवरचा बंकट डबा हातात तोलून बघायचा. त्याला कळत होतं. कालवण लई पातळ केलंस आज, एवढंच म्हणायचा आणि सोडायचा.

डब्यातलं पाणी वैजूचं. त्याला दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. जानकी तांबडं पाणी प्यायची आणि तोंड फिरवून ओकायची.

तरी पोर सुधारेना. डोळे खोल गेले. रडायची, पण गालावर टिपूस नसायचं.

तेव्हा देव पाण्यात घालायचं ठरलं. घरच्या खंडोबाचा टाक जानकीनं देव्हाऱ्यातून काढला, पदरानं पुसला, आणि तिथंच दोघी अडल्या.

कुठल्या पाण्यात?

तांबड्यात देव कसा घालायचा. मळीत बसवून त्याच्याकडं काय मागायचं. आणि डब्यातलं घ्यावं, तर देव उठेपर्यंत ते पाणी पोरीच्या तोंडचं गेलं. जानकी टाक हातात धरून बसून राहिली. मग विमलबाईला सुचलं. अख्ख्या गावात एकच चांगलं पाणी होतं जे कुणी पीत नव्हतं.

पिवळी

सकाळी तिनं नेहमीसारखी बादली घासली, भरली, दांडी आत सोडली. मग कमरेचा टाक काढून दांडीच्या बुडाशी ठेवला. हात जोडले. मीटरचं तिकडं मुंबईला ऐकू जातं आणि देवाचं जेजुरीला. दोघांपैकी कुणीतरी ऐकेल.

तिथंच थांबायला हवं होतं. पण खंडोबाला कुणी कोरडं बसवतं का? तिनं पुडी सोडली आणि चिमूटभर भंडारा पाण्यावर सोडला. हळद तरंगली, मग हळूहळू खाली उतरत गेली, दांडीच्या काचेवरून, देवाच्या घोड्यावरून. बघून तिला बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी नीट झालं होतं.

रामहरीचा मोबाइल वाजला तो चहाच्या वेळेला.

सूचना. सांडपाणी मर्यादेबाहेर. कारण कळवा.

त्यानं दुर्लक्ष केलं.

सूचना. सांडपाणी मर्यादेबाहेर. कारण कळ

दुसरा निरोप पुरता वाचायला तो थांबलाच नाही. गेटवरून बंकटचा फोन आला होता. मंडळाची गाडी बीडहून दुसरीकडं चालली होती, ती वाटेतच इकडं वळून आत आली होती. पूर्वी तक्रार केल्यावर दिवाळी उलटायची, मग एक जण नमुन्याची बाटली घेऊन यायचा. आता तसं राहिलं नव्हतं.

रामहरी धावत पत्र्याच्या खोलीत आला. बादलीत वाकून पाहिलं. शिवी आली, ती देव दिसल्यावर त्यानं अर्धी गिळली.

"मावशे, हे कावून केलंस?"

"पोरीसाठी," ती म्हणाली. "पानी कुनी पीत न्हाई म्हनून."

दांडी गटारात सोडावी तर मीटर खरं बोलेल. बादलीत ठेवावी तर बादली दिसेल. गाडीचा आवाज जवळ आला. रामहरीनं तिचा दंड धरला आणि भराभर सांगितलं. दांडी तूच गटारातून बाहेर काढलीस म्हणायचं. पूजेसाठी. आजच, पहिल्यांदाच. अडाणी बाई आहे म्हणून सोडून देतील. "रोज एक जार तुझ्या घरी. उघड, गेटवरनं. माझा शब्द हाय."

रोज एक जार. विमलबाईला पुढचं काही ऐकू आलं नाही.

आल्या त्या मंडळाच्या मॅडम होत्या. तरुण, उन्हानं रापलेल्या, पायात बूट. त्यांनी बादलीकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं. रामहरीनं सगळं सांगून टाकलं, हसत, कपाळाला हात लावत, काय करता मॅडम या लोकांना. मॅडमनी त्याच्याकडं बघितलंच नाही.

"ताई, ही दांडी तुम्ही काढली?"

"व्हय."

"का?"

"नात आजारी हाय."

हे तेवढं खरं होतं, म्हणून ते तिला नीट म्हणता आलं.

मॅडमनी मान हलवली. मग होतं तसं बादलीचे फोटो घेतले, हातमोजे चढवले, दांडी उचलली, बाटलीतल्या पाण्यानं धुतली, पुसली आणि गटारात सोडली, जिथं ती पहिल्यापासून असायला हवी होती तिथं. मीटरवरचा आकडा हलला. चढला. चढतच गेला. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. रामहरी भिंतीकडं बघत होता. आकडा थांबेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही, आणि तो थांबला तेव्हा विमलबाईला कळलं, की आपण बोललेलं वाया गेलं. जार गेला.

सील

मोहनरावांचे फोन आले. मॅडमनी एक उचलला, हो साहेब, आदेश वरूनच येतोय साहेब, म्हणाल्या आणि ठेवला. मग उचललेच नाहीत. संध्याकाळच्या आत कारखाना बंद. मळीवर चालणारी त्याची डिस्टिलरी बंद. खोलीला सील. नाक्यावर कुणीतरी फटाक्याची माळ लावली. गावानं इतकी वर्षं जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

खोलीचं दार ओढताना विमलबाई आडवी आली.

"ताई, तुमचा देव देता येणार नाही आत्ता," मॅडम म्हणाल्या. "पंचनाम्यात आहे."

"देव ऱ्हाऊ द्या." तिनं दारावरचा हात काढला नाही. "पानी तेवढं द्या. गाळून घेते. हळदच हाय त्यात."

मॅडमनी सांगितलं, तोच पुरावा आहे. त्याला आता कुणालाच हात लावता येणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

"मग हिरीचं कधी नितळ हुईल?"

मळी जमिनीत खोल मुरलीय, मॅडम म्हणाल्या. गटार आज बंद झालं तरी वर्षं लागतील. विहीर पिण्यालायक नाही असं त्या लिहून देणार होत्या. तो कागद तहसीलला जाईल, मग टँकरचं बघतील.

"किती वर्षं?"

मॅडम गाडीकडं गेल्या आणि स्वतःची बाटली घेऊन आल्या. अर्धी होती. विमलबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली. तिच्यासमोर दाराच्या फटीवर लाख तापवून ओतली गेली.

गेटवर बंकट एकटाच बसला होता. त्याचंही काम गेलं होतं. डबा हातात घेऊन तोलायला तो उठला नाही. नुसतं जा म्हणाला.

घरी जानकी उंबऱ्यात बसली होती, पोरीचं डोकं मांडीवर. विमलबाईनं झाकण भरून पाणी वैजूच्या ओठांना लावलं. गरम झालं होतं. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं. जानकीनं ते बोटानं टिपून परत तिच्या तोंडात घातलं. मग तिनं सासूच्या कमरेकडं पाहिलं.

"आत्याबाई, देव?"

विमलबाईनं बाटलीचं झाकण फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"पान्यातच हाय," ती म्हणाली.