नागलीतली सीडी

कॉम्प्युटरनं सीडी पुन्हा बाहेर टाकली, तशी शुक्री खुर्चीवरून उठून पुढे झाली.

"हिच्यात काहीच दिसत नाही," मुंबईहून आलेले डॉक्टर सीडी उजेडाकडे धरत म्हणाले. "किती हे ओरखडे! कुठं ठेवली होती?"

तलासरीच्या हृदयाच्या शिबिरासाठी शुक्री आणि तिचा नवरा बाबल्या झरीहून सकाळीच निघाले होते. पावसाळ्यात चिकूच्या वाडीत काम करता करता बाबल्या छाती धरून खाली बसला होता. राज्याच्या हद्दीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात हाताच्या नसेतून औषध सोडून त्याच्या काळजाची फिल्म काढली आणि सीडीवर भरून दिली. काळजाला रक्त नेणारी नळी एका जागी फुग्यासारखी फुगली होती. असं फार थोड्यांना होतं म्हणे. मेलं ते थोड्यांतलं दुखणं नेमकं आमच्याच दारात कसं आलं, असं शुक्रीला तेव्हापासून वाटत होतं. त्या फुग्यात रक्ताची गाठ धरली की अटॅक! आतून जाळीची नळी बसवायची की छाती उघडून बायपास करायची, ते हे डॉक्टर सीडी बघून ठरवणार होते.

आणि ती सीडी शुक्रीनं शेतात टांगली होती.

नागली, म्हणजे नाचणी, पिकली की पाड्यावर सगळेच जुन्या सीड्या दोरीला बांधतात. उन्हात चकाकल्या की पाखरं बिचकतात. शुक्रीनं रिपोर्टचा कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून देवापाशी जपला. चकतीचं काम झालं, असंच तिला वाटलं. काल आशाताई शिबिराचा निरोप घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "सीडी विसरू नका हां." शुक्री धावतच शेतात गेली. चकती सोडली, पदरानं पुसपुस पुसली.

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण बाबल्या आधी बोलला. "मीच टांगली सायेब, पाखरांना. हिला काय ठावं नाय."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या दवाखान्यात फोन लावला, बराच वेळ बोलले. तिथली फिल्म पुसली गेली होती.

"पुन्हा काढली असती," ते म्हणाले, "पण त्या औषधानं मागच्या वेळी तुमची किडनी बिघडली. ती सुधारेपर्यंत थांबावं लागेल. रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका."

"तवर तो फुगा दम धरंल ना?" शुक्रीनं विचारलं.

"सांगता येत नाही, ताई."

जीपनं दोघं झरीला परतली. शेताच्या बांधावर टेकल्यावर शुक्रीला राहवेना. "खोटा कशाला बोललास?"

"मला काय झाला, त पाड्यावरची माणसा तुला बोलतील. आता बोलतील, बाबल्याच येडा होता."

"गप रे! असा नको बोलू," म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. ज्याचा जीव तिनं दोरीला टांगला, तोच तिला सांभाळत होता.

आजूबाजूच्या शेतांत सीड्या चमकत होत्या. पाखरांचा थवा नेमका यांच्याच नागलीवर उतरला. हाकलायला बाबल्या उठू लागला.

"बस तू! ओरडू नको, छातीत कळ येल."

ती नागलीत धावली. "हाऽ हाऽ!" हात उडवत, सगळा जीव गळ्यात आणून ओरडू लागली. थवा उडाला, नदीपलीकडे दिसेनासा झाला. शेतात एक पाखरू उरलं नव्हतं, तरी शुक्री ओरडतच होती.