सत्कारवेड्या राजाचा वग

कडेगावच्या मंगल कार्यालयात आमच्या साक्षीचा वग व्हता. साक्षी माझी लेक. गावच्या हौशी मंडळात ती दरसाली गाती, अन दरसाली मी कुठंतरी बर्फात बंदूक धरून हुबा असायचो. औंदा रिटायर झालो. म्हटलं, आता एकदा तरी पोरीचं गाणं समोर बसून ऐकायचं.

वग झकास व्हता. एका राजाला सत्काराचं येड लागतं. हिरीत पाणी न्हाई, रानं वाळली, तरी ह्यो शाल-नारळ घेत फिरतोय. शेवटाला एक पाणी भरणारी बाई दरबारात शिरती अन गाण्यातनं त्याची सालटी काढती. ती बाई म्हंजे साक्षी.

पण वग चालू देतील तर शपथ. पहिलं गाणं संपतंय तोवर मंडळाचे अध्यक्ष जवाहरअण्णा माइक घिऊन आलेच. "एक मिनिट." माजी सरपंचाचा सत्कार. फेटा, शाल, नारळ, फोटो. राजा बिचारा सिंहासन सोडून कडंला हुबा. परत ढोलकी वाजली न वाजली तोवर स्पीकरवाल्याचा सत्कार. मग ज्यानं खुर्च्या दिल्या त्याचा. माणसं राजाला हसत व्हती अन लगेच ह्यास्नी टाळ्या देत व्हती. कुणाला काय वाटंना.

सातला कार्यालय हळदीला द्यायचं व्हतं. नवरदेवाकडची माणसं दारात येऊन ताटकळलेली. मी सारखा घड्याळ बघत चुळबुळतोय. शेजारी बायको, मंगल, मांडी दाबून म्हणती, "आवं, गप बसा की. माणसं बघत्यात."

एकदाची साक्षी घागर घिऊन आली. ढोलकीवर थाप पडली, तिनं तोंड उघडलं, अन जवाहरअण्णा मधी.

"एक मिनिट. आपल्यात माजी सुभेदार गुंडा मोहिते बसल्यात."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "अण्णा, नगो. पोरीला गाऊ द्या." त्यास्नी वाटलं, लाजतोय. आमच्याकडं सत्काराला आधी न्हाईच म्हणायची रीत हाय, त्यामुळं खरं न्हाई कुणाला कळतच न्हाई. मी जेवढं न्हाई म्हणतोय तेवढ्या टाळ्या वाढत्यात. दोघांनी बकोट धरून वर नेलं. फेटा बांधणारा गडी निवांत एकेक पीळ घालत बसला. शाल झाली, नारळ झाला, तोवर हळदीवाले खुर्च्या उचलाय लागले अन पडदा पडला.

भायेर आल्यावर मी तोंड सोडलं. "माझं नाव दिलं कुणी? तंगडं मोडतो त्याचं."

साक्षी मेकअप पुसत आली. "मी दिलं, आबा. एवढी वर्सं तुमी लांब राहिला. गावानं एकदा तरी तुमचं नाव घ्यावं असं वाटलं. गाणं झाल्यावर घ्या, एवढं सांगायचं राहिलं."

मी नारळ मंगलच्या हातात दिला. म्हटलं, "मग हितंच म्हण."

मोटारसायकलींच्या मधी ती घागर घिऊन हुबी राहिली अन गाय लागली. तेवढ्यात आत हळदीचा डीजे सुरू झाला. एक अक्षर ऐकू येईना. तरी गाणं संपंस्तवर मी फेट्यासकट तिच्या तोंडाकडं बघत हुबा राहिलो.

"कसं झालं, आबा?" तिनं वरडून विचारलं.

"परत म्हण," मी वरडून सांगितलं.