बाबल्याचे पाच बाण

बाबल्या गेला त्या साली मी दापोलीच्या भर बाजारात भट्टीच्या मुकादमाची अशी खरडपट्टी काढली होती, की भाजीवाल्या हातातला तराजू तसाच धरून बघत राहिल्या. मेला म्हणाला काय, तर तुमचा पोरगा आलाच होता आजारी, कामाला उभाच राहत नव्हता. मी म्हटलं, माझा पोरगा वाडीतून धडधाकट गेला, तुझ्या कोळशाच्या भट्टीनं खाल्ला त्याला. वीस वर्षांचा पोर घाटावर गेला, महिन्याभरात तापानं मेला, तिकडच्या तिकडं मूठमाती दिली, आणि वर हा आम्हालाच बोल लावतो! तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगायचे. ते सांगितलं की मला दोन घास जायचे, नाहीतर जायचे नाहीत.

बाबल्याचं म्हणून घरात एवढंच राहिलं होतं, त्याचा तीरकमठा. माणग्याच्या भरीव बांबूचा कमठा त्यानं स्वतः तासलेला, आणि बोरूचे पाच बाण. वर्षभर ते सगळं कुडाला टांगलेलं होतं. कुणी हात लावायला गेलं की मी अंगावर धावायचे.

पण तो गेल्याच्या पुढल्या वर्षी, साल शहाऐंशी असं शाळेतले मास्तर सांगतात, नाचणी भरात आली आणि रानडुकरं उतरली. दोन दिवसांत अर्धं शेत उकरून ठेवलं. शिकारीला बंदी आहे म्हणतात, पण ते डुकरांना कोण सांगणार? माझ्या नवऱ्याचा, रघूचा, स्वतःचा कमठा केव्हाच तडकला होता. तो एकदा भिंतीकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. शेवटी मीच म्हटलं, घे बाबा, तो काय आता मागायला येणार आहे? म्हटलं खरं, आणि मग चुलीपाशी बसून पोटभर रडले.

कमठ्याची दोरी उंदरांनी कुरतडली होती. ती केवणीच्या झुडपाच्या सालीची. नवी साल काढून, भिजवून, वळायची तर पंधरा दिवस गेले असते, तोवर डुकरांनी शेतात शेंडा ठेवला नसता. म्हणून हर्णैहून सुकी मासळी घेऊन येते त्या कोळणीला मी रानातून खणलेले करांदे दिले आणि तिच्याकडून जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली. माझीच अक्कल.

रघूनं ती चढवली आणि मोराच्या पिसाचा बाण लावून बांधावर सोडला. कमठा असा वाजला की कोंबड्या उडाल्या. रघू कोपर धरून खालीच बसला. बाण कुंपणापलीकडं सापडला. मग त्यानं मला समजावलं, की केवणीची दोरी जड असते, जरा ढिली पडते. ही हलकी, आणि ताणत म्हणून नाही. हिच्यावर हलका बाण लावला तर तो भुर्रकन सुटतो, उरलेला जोर कमठ्यातच राहतो आणि कमठ्यालाच फोडतो. या दोरीला जड बाण पाहिजे. हेच बाण आणखी चार वेळा मारले, तर बाबल्याचा कमठा हातात तुटून येईल.

बाणांच्या टोकाला तार गुंडाळून वजन वाढवतो, म्हणाला. मी सरळ सांगितलं, माझ्या पोराच्या बाणांना तार लावशील तर हात मोडून ठेवीन. तो म्हणाला, बरं, नको लावायला. यातला जड कुठला तेवढं बघू दे. तो वापरतो, बाकीचे नवे करतो.

त्यानं काठीला मधोमध दोरा बांधून ती वाशाला टांगली. एका टोकाला करवंटी, दुसऱ्या टोकाला करवंटीच्या भाराचा खडा, त्याच्याखाली बाण. करवंटीत एकेक चिंचोका टाकायचा, काठी आडवी झाली की मोजायचे. टोकं सगळी एकाच लोहाराकडची, सारख्या वजनाची. फरक असेल तो बोरूचा.

मोजायला मी बसले. आणि बसले की तोंड चालू. पीस हाती आलं की बाबल्या लगेच बाण करायचा, म्हणून कुठला बाण कधीचा ते मला पिसांवरून ओळखू यायचं. हा तांबड्या कोंबड्याचा, शिमग्याला कापलेला. हा घारीच्या पिसाचा, वैशाखातला. मोराचं पीस श्रावणात सापडलं होतं. काळं पीस दसऱ्याचं. आणि हे पांढरं शेजारच्या सखूच्या कोंबडीचं, दिवाळीचं, त्यानंतर तो भट्टीवर गेला. मी बाण तसेच ओळीनं मांडले आणि ज्याचे चिंचोके त्याच्यापुढं ठेवले. वर्षात पहिल्यांदा मी त्याच्याबद्दल हसून बोलत होते. सुखच वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू.

बत्तीस. तीस. सव्वीस. तेवीस. एकोणीस.

रघूनं शेवटचे दोन पुन्हा तोलले. तेवढेच भरले. मी म्हटलं, हात बसत गेला पोराचा, बघ कसा बारीक तासायला लागला होता.

"हात बसला नाय," रघू म्हणाला. "हात सुटत गेला. कमठा पुरता ओढवेना की जड बाण पुढ्यातच पडतो. मग माणूस बाण हलका करतो. माझ्या बापानं म्हातारपणी तेच केलं. शिमग्यापासून त्याचा जोर जात व्हता, हौसे."

मी त्याला वाटेल ते बोलले. तुझा बाप आणि माझा पोर एक का, म्हटलं. चिंचोके पुन्हा ओंजळीत घेऊन मोजले. एकोणीसच होते. मग ते खाली ठेवले आणि म्हटलं, एका शब्दानं सांगायचं होतं मेल्यानं.

रघूनं मान वर केली नाही. "सांगितलं व्हतं की त्यानं. तुलाच."

सांगितलं होतं. जळणाच्या फाट्यांची मोळी अर्ध्या वाटेत टाकून बसायचा. थंडीत अंगाला घाम असायचा. दिवाळीत म्हणाला, आये, अंगात त्राण नाय, औंदा भट्टीवर नको, पुढल्या साली जातो. आणि मी म्हटलं, आयतोबा, काम केलंस की येईल त्राण. गाठोडं मीच बांधलं. ते त्याच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं, परत येऊन बसेल म्हणून.