पिवळी रेघ

मामाच्या गॅरेजात एकच कायदा होता. आधी बोल्ट आवळायचा. ठरलेली ताकद लागली की पाना ‘टक्’ वाजतो. तो वाजला की मगच बोल्टावर पिवळ्या रंगाच्या पेनाने रेघ मारायची, अर्धी बोल्टावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ असेल तर त्या बोल्टाकडे पुन्हा बघायचं कारण नाही. रेघ नसेल तर गाडी बाहेर जाणार नाही, मग मालक कितीही आदळआपट करो. सव्वीस वर्षं त्याने हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. चांगल्या कपड्यांतल्या गिऱ्हाइकांनाही तो गाडीखाली वाकायला लावायचा आणि रेघा दाखवून म्हणायचा, “ही माझी सही.” माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःचं कौतुक करायला त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नसे.

हाच माणूस आता अकरा दिवस स्वतःच्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जायचं टाळत होता. तिथे गोणपाटाखाली दाजींच्या सेडानचं पुढचं चाक होतं, आणि ते ज्यावर बसतं तो हब, ब्रेकसकट. दाजी म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. सतरा दिवसांपूर्वी ते त्या गाडीत गेले. गाडी त्यांची मुलगी चालवत होती, मामाची एकुलती एक भाची. चोवीस वर्षांची, नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरी करणारी, पण घरात अजून ठकीच. तिच्या कपाळाला चार टाके पडले, बाकी खरचटलंसुद्धा नाही. तिच्या आईला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

गाडी जुनी होती, पण दाजींचा तिच्यावर जीव होता. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता तिला नव्याने उभी करायची. नवे शॉक, नव्या स्प्रिंगा, मोठे ब्रेक. “माझे गुडघे वर्षभर कुरकुरतायत ते ह्यांना ऐकू येत नाही,” ताई म्हणायची, “गाडीचे शॉक मात्र बरोबर ऐकू येतात.” मोठे ब्रेक मोठ्या चाकांतच मावतात, म्हणून जुन्या बाजारातून अलॉयची चार चाकं आणली. त्यांच्या कडा कुणीतरी फुटपाथला घासून घासून खाल्ल्या होत्या. ठकीने ती बघितली आणि म्हणाली, “ही मी करणार.”

केलीही तिने. दोन महिने सगळे रविवार तिने गॅरेजच्या दारात पाटावर बसून काढले. जुना रंग खरवडला, खड्डे भरले, खरखरीत पॉलिश पेपरपासून मऊ पेपरापर्यंत पाणी मारून मारून घासलं, प्रायमर दिला, वर राखाडी रंग. हाताची सालटी निघाली तरी बाई ऐकेना. मामाने तिला एक गोष्ट बजावून सांगितली होती. रंगाआधी प्रत्येक चाक दोरीला टांगायचं आणि लाकडी हातोडीने ठोकायचं. चांगलं चाक घुमतं. चीर असेल तर मडक्यासारखं बद्द वाजतं, आणि बद्द वाजलेलं चाक भंगारात, कितीही सुंदर दिसत असलं तरी.

गाडी तयार झाली. तीन आठवडे दाजी ती रस्त्यावरून अशी मिरवत होते की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घ्यायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. मग एका सकाळी उतारावर, लेक चालवत असताना, दाजींच्या बाजूचं पुढचं चाक जागीच अडकलं, तडकलं, आणि गाडी पुलाच्या कठड्याला त्याच बाजूने धडकली.

मामा धावत पोचला तेव्हा रस्त्यात चाकाचा तुटका तुकडा पडला होता. राखाडी, चकचकीत. लोक विचारत होते काय झालं, पोलीस विचारत होते, ताई तर त्याचा शर्ट धरून विचारत होती. त्याने तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाला, “चाक गेलं.” दोनच शब्द. विमा कंपनीच्या माणसाने ते लिहून घेतले आणि ताईने मनात कोरून ठेवले. जुनं चाक, पोरीने रंगवलेलं, पोरीच्या हातात गाडी. त्या दिवसापासून ताई लेकीशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि उठून जायची.

सहाव्या दिवशी मोडकी गाडी गॅरेजात आली. मामाने तेव्हा नीट बघितलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बघून झाल्यावर त्याने सगळ्यावर गोणपाट टाकलं, हात धुतले आणि दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं तेल बदलायला घेतलं. आज सांगू, उद्या सांगू, करत अकरा दिवस गेले. मामा भित्रा होता हे त्याला पन्नाशीत कळलं.

बाराव्या दिवशी दुपारी ठकी आली. कपाळावर पट्टी, अंगात बापाचा स्वेटर. पाटावर बसली, जिथे नेहमी बसायची तिथेच.

“मामा, तुला एक सांगायचंय. कुणालाच नाही सांगितलं.”

“बोल.”

“ते चाक मी ठोकून बघितलं नव्हतं.” ती जमिनीकडे बघत होती. “बाकीची तीन ठोकली. चौथ्याला आतल्या अंगाला एक बारीक रेषा होती. मला वाटलं ओरखडा आहे. घासून काढली आणि वर रंग मारला. तू जेवायला गेला होतास. मला बाबांना दाखवायची घाई झाली होती.”

मामाची नजर कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे गेली.

“म्हणजे मीच मारलं ना त्यांना?” तिने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की जणू दुकान किती वाजता उघडतं ते विचारत होती. “आई बोलत नाही ते बरोबरच आहे. मला फक्त तुझ्याकडून ऐकायचंय. तू म्हणालास की मग मी दुसरं काही शोधत बसणार नाही.”

हो म्हणायला जीभ उचलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं. मामाला त्या क्षणी स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती. कारण त्याने खरोखर विचार केला. एक श्वासभर, पण केला.

मग तो उठला आणि गोणपाट ओढून काढलं.

“इकडे ये. आधी चाक बघ.”

तिने बघितलं. मोडक्या चाकाच्या आत एक चर पडला होता, चांगला खोल, आणि तो गोल फिरत पूर्ण चाकभर गेला होता.

“काय दिसतंय? मी शिकवलंय तुला वाचायला. वाच.”

“काहीतरी घासलंय आतून.” ती खाली बसली. “फुटायच्या आधी. फुटल्यावर घासलं असतं तर असा सगळीकडून चर नसता पडला.”

“काय घासलं?”

ती चाक सोडून हबकडे वळली. ब्रेकच्या डिस्कला चिमटीत धरणारा जबडा, कॅलिपर, तो एका बाजूला लोंबत होता. त्याला दोन बोल्ट असतात. वरचा अर्धा बाहेर आला होता. खालचा नव्हताच. त्याच्या भोकात तिने करंगळी घातली आणि फिरवली.

“आटे चांगले आहेत. बोल्ट तुटला नाहीये. फिरून फिरून निघालाय. मग हा कॅलिपर बाहेर झुकला, चाकाला लागला आणि...” ती थांबली. तिच्या डोळ्यांत सतरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मग तिने भोकाच्या कडेला बोट टेकवलं. तिथे पिवळी रेघ होती, अर्धी. उरलेली अर्धी बोल्टाबरोबर रस्त्यात कुठेतरी पडली होती.

“नाही,” ती म्हणाली. “रेघ आहे.”

“ठके...”

“रेघ आहे म्हणजे तू आवळला होतास. आवळलेला बोल्ट तीन आठवड्यांत निघत नाही. चाकच आधी तडकलं असणार, त्याच्या हादऱ्याने हे सुटलं.” तिने गोणपाट पुन्हा वर ओढायला घेतलं. “चाकच आहे, मामा. उगाच माझ्यासाठी काहीतरी शोधू नकोस.”

सव्वीस वर्षं बडवलेला ढोल मामाच्या कानात आत्ता फुटला. पोरगी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती, त्याच्या रेघेवर ठेवत होती. बापाला मारल्याचं ओझं पत्करत होती, पण मामाचा कायदा खोटा मानायला तयार नव्हती.

“रेघ आधी मारली होती,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“त्या पेनाचं टोक वाळतं. उघडलं की भरभर वापरावं लागतं. पलीकडची बाजू पुरी झाली, पेन हातात होतं. म्हटलं, इकडच्या दोन्हींवर आत्ताच रेघ मारून घेऊ, लगेच आवळतोच आहे. बोल्ट नुसते हाताने फिरवून बसवले होते. रेघा मारल्या. आणि उठलो.” त्याने रिकाम्या भोकाकडे बघितलं. “परत आलो, रेघा दिसल्या, चाक चढवलं. मी आवळले नाहीत, ठके. तुझ्या चाकाने काही केलं नाही. तो ओरखडाच होता. मी तुकडा भिंगाखाली बघितलाय. जुनी चीर कुठेच नाही.”

तिने हातातलं गोणपाट सोडलं.

“बाबा टॉर्च धरून उभे होते,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं होतं, झालं का सगळं?”

“हो.”

“तू म्हणालास, एकदम पक्कं.”

“हो.”

“तुला कधीपासून माहितीये?”

“गाडी आली त्या दिवसापासून.”

तिने बोटांवर मोजलं नाही, पण हिशोब तिच्या चेहऱ्यावर दिसला. अकरा दिवस ती न बोललेल्या ताटासमोर बसली होती. मामाला वाटलं ती आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “उठलास कशाला?”

मामाला सगळं लख्ख आठवत होतं. ठकी दारातून ओरडत आली होती, चौथं चाक छातीशी धरून, नाकाला राखाडी रंग. “बाबा, मामा, उठा, बघा आधी!” दाजी टॉर्च तशीच जमिनीवर टाकून धावले होते. मामाही हसत उठला होता. तिघांनी चाक उन्हात धरून फिरवून फिरवून बघितलं होतं. तिला ते आठवत असेल, पण तो क्षण आणि हे बोल्ट तिने अजून एकाला एक लावले नव्हते.

“फोन आला होता,” मामा म्हणाला.

ती जमिनीवरून उठली आणि स्वेटरची बाही खाली ओढली. “आईला सांगायला चल,” म्हणाली.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात मामा दोनदा थांबला. ठकी वरच्या पायरीवर उभी राहून वाट बघत होती, मागे वळून न बघता. दार ताईने उघडलं. भावाला बघून तिचा चेहरा जरा सैल पडला. बिचारीला वाटलं हा विचारपूस करायला आला.

“अरे, असा अवेळी? आत ये, जेवलास का?”

“ताई, आधी ऐक.” त्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. आत बसून सांगण्याइतकं धैर्य त्याच्यात नव्हतं आणि तेवढा हक्कही राहिला नव्हता. पाना, पेन, रेघ, बोल्ट, आणि ते दोन शब्द, जे त्याने नीट न बघताच रस्त्यावर उच्चारले होते. ताईला त्यातलं निम्मं कळलं नसेल. जे कळायचं होतं ते कळलं. तिने दाराची कड धरली.

“आवळायचं राहिलं,” ती हळू म्हणाली.

“हो.”

“तू तर सगळ्या जगाला शिकवतोस.”

“हो.”

“का राहिलं? काय झालं होतं तेव्हा?”

ठकी त्याच्या शेजारीच उभी होती. तिचं लक्ष त्याच्याकडे होतं.

“फोन आला होता,” मामा म्हणाला.

“कुणाचा?”

एवढं त्याने ठरवून आणलं नव्हतं. एखादं नाव घेतलं असतं तर ताईने त्या माणसाला गाठून विचारलं असतं. त्याने मान हलवली. “आठवत नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. ती लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरली होती. शाळेत त्याच्या वाटणीचा मार तिने खाल्ला होता. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून निघून जाताना मामाला दिसलं.

“माझा माणूस गेला,” ती म्हणाली, “आणि फोन कुणाचा होता ते पण तुला आठवत नाही.”

तिने हात पुढे केला. त्याच्याकडे नाही, त्याच्या शेजारी. ठकीचं मनगट धरलं, त्या स्वेटरसकट, आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा लेकीशी बोलली. “ये गं. आत ये. काही खाल्लं नसशील सकाळपासून.”

ठकी आत गेली. जाताना तिने एकदा वळून मामाकडे बघितलं. तिच्या कपाळावरच्या पट्टीखाली भुवया जवळ आल्या होत्या, कसलीतरी जुळवाजुळव करत असल्यासारख्या. मामाने झटकन नजर काढून घेतली आणि जिना उतरायला लागला, ती काही विचारायच्या आत. वर दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.