राखेची बादली

एलिशा अष्टमकर हा शांत माणूस, असं लंडनजवळच्या हाउन्सलोतली सगळी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मंडळी सांगत. म्हणजे काय, तर बावन्न वर्षांत त्याला कुणी पुरतं डिवचलं नव्हतं. मुंबईत तो डोंगरीला शोहेत होता, तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, नियमाने कोंबडी-बकरं कापणारा, आणि बापाकडून आलेली सुरी घेऊनच तो विलायतेत उतरला. आठवडाभर कारखान्यात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे आणि रविवारी सकाळी घरामागच्या आवारात आपल्या सात-आठ घरांसाठी कोंबड्या कापायच्या. आधी सुरीची धार नखावर फिरवून बघायची, एका दमात कापायचं, आणि सांडलेलं रक्त राखेने झाकायचं. त्यासाठी मागच्या दाराशी एक पत्र्याची बादली शेगडीतल्या राखेने कायम भरलेली असे. आधी मुंबईत आणि मग इथे, तीस वर्षं हे कापणं चाललं होतं. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चुकत नसे.

शनिवारी दुपारी तो मंडळींच्या पाच मुलांना पुढच्या खोलीत बसवून तोराचे नियम शिकवी. त्यासाठी बायकोचा मसाल्याचा डबा समोर ठेवी. हॅनाला ते मुळीच पसंत नव्हतं, पण मुलं तेवढ्यासाठीच यायची. नियम तीन जातींचे, तो सांगे. पहिले मिश्पातिम, म्हणजे माणसामाणसांतले न्याय: चोरी, मारहाण, खून. त्यांचं कारण शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरे एदोत, आठवण राहावी म्हणून दिलेले: शब्बाथ, वल्हांडण. तिसरे हुक्किम. त्यांचं कारण देवाला ठाऊक, आपण पाळायचं आणि गप्प बसायचं. डबा एक असला तरी वाट्या वेगळ्या, कारण हळद तिखटात सांडली की दोन्ही वाया जातं.

१९७० च्या फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी धडा होता डोळ्याबद्दल डोळ्याचा. हे वाचून लोकांना वाटतं की देव सूड घ्यायला सांगतोय, आणि ते साफ चूक आहे, एलिशा म्हणाला. पूर्वी एका डोळ्यापायी माणसं अख्खं गाव जाळत. म्हणून लगाम घातला, की एकाला एकच, त्याहून तसूभर जास्त नाही, आणि तेही पंचांसमोर दोन साक्षीदार उभे करून. पुढे शहाण्या लोकांनी तर डोळ्याऐवजी भरपाईच ठरवून टाकली.

"कायदा हात बांधायला असतो," तो म्हणाला, "सोडायला नाही."

अकरा वर्षांच्या शुलामीथचं लक्ष मात्र उघड्या दारातून मागच्या आवारात दिसणाऱ्या कोंबड्यांच्या खोक्याकडे होतं. "अंकल, कोंबडीचा ब्लड आपण का कव्हर करतो? बकरीचा तर नाही करत."

"हुक्किम. विचारायचं नाही."

"आणि माणसाचा?"

एलिशाने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि बाहेर फाटकावर काहीतरी धाडकन आदळलं.

तो त्याचा मुलगा होता. एकोणीस वर्षांचा गर्शोन बसमधून उतरून घरी येत होता. तीन मुंडण केलेल्या गोऱ्या पोरांनी त्याला कोपऱ्यापासून हाणत आणलं होतं आणि आता फाटकाला दाबून धरलं होतं. पाकी, पाकी, असं ती ओरडत होती. हे घर यहुद्याचं की आणखी कुणाचं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, कातडी पाहिली की त्यांचं भागत होतं. एकाने केस धरून डोकं दोनदा फाटकावर आपटलं. गर्शोन खाली कोसळला. मग तिघांनी लाथा घातल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. पुढे लोखंड बसवलेला एक बूट डाव्या डोळ्यावर बसला तेव्हा आलेला आवाज खोलीतल्या मुलांनाही ऐकू गेला. एलिशा बाहेर पोचेपर्यंत तिघे पळत सुटले होते. त्याला दिसल्या त्या फक्त पाठी आणि तासलेली डोकी.

रुग्णवाहिका आली आणि हॅना मुलाबरोबर गेली. एलिशाला मागे राहावं लागलं, कारण पाच घाबरलेली मुलं घरात होती आणि त्यांचे आईबाप यायचे होते. तो फाटकाशी उभा राहिला. दगडी फरसबंदीवर ताटाएवढं रक्त होतं. थंडीने त्यातून वाफ निघत होती. त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. तो घरामागे गेला, राखेची बादली उचलून आणली आणि ते रक्त नीट, कडेपर्यंत झाकलं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बादली उचलायची नसते, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पोलीस आला तासाभराने. चांगला माणूस होता, फक्त घाईत होता. फाटकाशी राख बघून त्याने मान डोलावली. त्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरत होतं आणि पाय घसरू नये म्हणून जो तो दाराबाहेर राखच टाकत होता. मुलगा बर्फावरून घसरला का, त्याने विचारलं. एलिशाने सांगितलं, मारलं, तिघांनी मारलं. कोण होते? पाठी पाहिल्या. असली डोकी इथे शेकड्याने आहेत, पोलीस म्हणाला. रक्त कुठे आहे? राखेखाली आहे. झाकलं कशाला? आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? आमचा नियम आहे, एलिशा म्हणाला, आणि स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं. पोलिसाने वहीत लिहिलं की बर्फावर घसरून फाटकावर पडला असावा.

इस्पितळात मंगळवारी डॉक्टर शशिधर नावाचे तरुण पुणेकर डॉक्टर भेटले. त्यांनी एलिशाला बाजूला घेतलं आणि मराठीत सांगितलं, "काका, डावा डोळा काढावा लागला. उजव्याला धोका नाही." एवढं बोलून ते उगाचच त्याच्या कोटाची बाही नीट करत राहिले.

गर्शोनच्या तोंडावर बँडेज होतं. तो फार हळू बोलला. "पपा, बूट टेरीचा होता. पाच घरं सोडून राहतो तो. मी त्या पोलिसाला सांगितलं, पण तो म्हणाला तू शुद्धीत नव्हतास, तू पडलास. मी पडलो नाही. एवढं लिहून घ्या त्याच्याकडून. मला दुसरं काही नको."

एलिशाने त्यातलं फक्त नाव ऐकलं.

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. ट्रेमध्ये वाटाणे भरताना त्याला टेरीचं डोकं दिसे, निळे डोळे, खालचा ओठ सतत लोंबता. पोर अठराचं, गॅरेजमध्ये कामाला. लहान असताना ह्याच फाटकावर झोके घेत असे आणि हॅना त्याला करंज्या द्यायची. त्या करंज्या आठवल्या की एलिशाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. बुधवारी कारखान्यातल्या एका गोऱ्याने सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर एलिशाने तो असा पिरगाळला की माणूस गुडघ्यावर आला. मुकादमाने त्याला घरी पाठवलं. घरी येऊन तो दगडावर सुरी लावत बसला. गुरुवारीही बसला.

शुक्रवारी गर्शोन घरी आला. त्याने आरशावर टॉवेल टाकला आणि विचारलं, "लिहून घेतलं का, पपा?" बापाने सुरी पुन्हा दगडावर ठेवली.

रविवारी सकाळी कोंबड्यांचं खोकं आवारात तयार होतं. आठवडाभर पाऊस नव्हता, नुसतं हिव. फाटकाशी राख गोठून दगडाला चिकटली होती आणि येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात. एलिशाने सुरी घेतली, नखावर धार फिरवून पाहिली, आणि कोंबड्यांच्या बाजूने सरळ मागच्या गल्लीकडे निघाला. हॅना आवाराच्या दारात आडवी आली. पंचवीस वर्षं ती ह्या कुळातल्या सुऱ्या पाहत आली होती. रविवारी कोंबडीसाठी जाणारा हात कसा असतो हे तिला माहीत होतं.

"अहो, शिकवता काय आणि करायला निघालात काय?"

"मिश्पातिम," तो म्हणाला. "कारण उघड आहे."

"पंच कुठे आहेत? साक्षीदार कुठे आहेत?"

"नाहीत. म्हणून मीच."

त्याने तिला हाताने बाजूला सारलं. तिचं डोकं चौकटीवर आपटलं, ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.

टेरी गल्लीत मोटरसायकल उलटी करून चाक बसवत होता. पायांत तेच बूट होते. एलिशाला पाहून तो उठू लागला. एलिशाने त्याच्या कानाखाली सुरीच्या मुठीने असा टोला दिला की तो मोटरसायकलीवर पडून खाली घसरला. मग ओळखीचीच हालचाल झाली. गुडघा छातीवर, डावा हात जबड्याखाली, मान मागे. पोर ताकदीचं होतं. त्याने एलिशाच्या बरगडीत पाना हाणला, मनगटाला कडकडून चावा घेतला, मांसात दात रुतवले. एलिशाने त्याचं डोकं विटांवर आपटलं. एकदा, दोनदा, त्याच्या मुलाचं आपटलं होतं तसं. टेरीचं अंग सैल पडलं आणि तो रडायला लागला. सुरीचं पातं डाव्या भुवईवर आलं.

"मी एकदाच मारली," टेरी किंचाळला. त्याने लाथ एकदाच घातली होती, बाकी सगळ्या त्या दोघांनी घातल्या होत्या. त्यांनी भरीस घातलं म्हणून घातली, डोळ्यावर बसेल असं वाटलं नव्हतं. हे सगळं त्याने ओरडून सांगितलं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. त्याची आई मागच्या दारात येऊन उभी होती, आणि तिने शब्द न् शब्द ऐकला.

एलिशाने मात्र काहीच ऐकलं नाही. त्याने सुरी ओढली. टेरीने त्याच क्षणी डोकं झटकलं आणि पातं भुवईपासून गालापर्यंत उतरत गेलं. रक्ताची धार लागली. ते डोळ्यात भरलं, कानात गेलं, गोठलेल्या जमिनीवर पडून वाफाळू लागलं. एलिशाला वाटलं, डोळा गेला. झालं. एकाला एक.

आणि त्याचा डावा हात आपणहून बाजूला गेला. टेरीच्या घरच्या कचऱ्याच्या डब्याशी शेगडीची राख पडली होती. हाताने तिची मूठ भरली. मूठ त्या रक्तावर आली.

तिथेच तो थांबला. बोटांतून थोडी राख सांडली, तेवढीच. शुलामीथचा प्रश्न त्याच्या कानात वाजला, आणि उत्तर तर त्याला सात वर्षांचा असल्यापासून पाठ होतं. कोंबडीचं झाकायचं. माणसाचं नाही, कधीच नाही. तोरातल्या काइनने भावाला मारून हात झटकले, पण रक्त उघडं होतं म्हणून ते जमिनीतून ओरडलं आणि वर देवाला ऐकू गेलं. माणसाच्या रक्तावर पांघरूण घालायचं नसतं, कारण न्याय होईतो तेच एक बोलणारं असतं. आपण पोटच्या मुलाचं रक्त कोंबडीचं करून टाकलं, एलिशाला कळलं. तिघा पोरांनी त्याला मारलं, पण त्याचं तोंड बापाने दाबलं. आणि आता दुसऱ्याच्या मुलालाही त्याच हाताने कोंबडीसारखं धरलं होतं.

त्याने मूठ आपल्याच कोटावर रिकामी केली. सुरी खाली ठेवली, टेरीच्या छातीवरून उतरला आणि स्वतःचा रुमाल त्याच्या गालावर दाबून धरला. डोळा शाबूत होता. निळा, उघडा, भीतीने विस्फारलेला. पोराची आई धावत आली आणि तिने एलिशाच्या तोंडावर हातातला तवा हाणला. दोन दात तुटले. तो रुमाल धरून बसून राहिला.

पोलीस तोच आला, आठ दिवसांपूर्वीचा. बेड्या घातल्यावर एलिशा त्याला म्हणाला, "आधी माझ्या फाटकाशी चला."

कशाला ते पोलिसाला कळेना, पण टेरीची आई मध्येच बोलली. जा, म्हणाली, त्याच्याबरोबर जा, आणि मग परत ये, मलाही काही सांगायचंय. बोलताना ती मुलाकडे बघत नव्हती.

फाटकाशी एलिशा गुडघ्यांवर बसला आणि बांधलेल्या हातांनी राख खरवडू लागला. नखं तुटली. खपली निघावी तशी राखेची चकती निघून आली. खाली दगडात मुरलेला काळपट तांबडा डाग होता, ताटाएवढा, कडा शाबूत असलेला. हॅना कपाळाला ओलं फडकं लावून बाहेर आली. तिच्यामागे गर्शोन.

"हे माझ्या मुलाचं," एलिशा म्हणाला. तुटलेल्या दातांमुळे शब्द नीट फुटत नव्हते. "मी झाकलं होतं. बर्फासाठी नाही. मी चुकलो. त्या पोराचं मी काढलं, तेही लिहा. दोन्ही लिहा."

पोलिसाने वाकून तो डाग पाहिला. मग त्याने वही काढली, मागचं पान शोधलं, एक ओळ खोडली आणि लिहू लागला. एलिशाला तुरुंग होणार हे सगळ्यांना दिसत होतं. ज्याने माणसावर सुरी चालवली त्याच्या हातची कोंबडी आता एकही घर घेणार नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

"वाचून दाखवा," गर्शोन म्हणाला.

पोलिसाने वाचलं. गर्शोन अष्टमकर पडला नाही. त्याला मारलं.

"पुन्हा," गर्शोन म्हणाला, आणि पोलिसाने पुन्हा वाचलं.

मग गर्शोन वाकला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नव्हता, त्यामुळे त्याचा हात आधी हवेतच चाचपडला. बापाची मनगटं सापडल्यावर त्याने ती धरून त्याला उभं केलं, आणि त्याच्या बेड्यांवरची राख आपल्या बाहीने पुसली.